गुडघ्याचं ऑपरेशन आणि पेशंटचं मन: घरच्यांनी आधी काय विचारावं, नंतर काय करावं

ऑपरेशनला चार दिवस झाले होते. जखम कोरडी, ताप नाही, एक्स-रे उत्तम. तरी काकू पाय उचलेनात. मुलगा वैतागला होता, सून कोपऱ्यात गप्प उभी होती. "खूप दुखतंय का?" मी विचारलं. "नाही, एवढं नाही." मग बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा. शेवटी मुलगा चहा आणायला खाली गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पाय उचलला की आत खट्ट वाजतंय गं. लोखंड सरकलं तर? पोराने कर्ज काढून पैसे भरलेत."

मी त्यांना माझ्याकडचा कृत्रिम गुडघ्याचा नमुना हातात दिला. वर धातूची टोपी, मध्ये प्लास्टिकची चकती, खाली धातूची पट्टी. त्यांनाच तो वाकवायला सांगितला. खट्ट! "असाच वाजतो?" "असाच. धातू प्लास्टिकला टेकतो, म्हणून वाजतो. सरकत नाही." संध्याकाळी गेले तर काकूंनी दहा वेळा पाय उचलून दाखवला, मोजून.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा बदललेल्या माणसांना उभं करण्यात माझी सोळा वर्षं गेली. पाय आडून बसतो तेव्हा बऱ्याचदा आधी मन आडून बसलेलं असतं, आणि मन आडतं ते एखाद्या समजुतीपाशी. ती समजूत कोणी विचारत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. हा लेख मी घरच्यांसाठी लिहिते आहे, कारण डॉक्टरांना मिळतात दहा मिनिटं आणि तुम्ही असता चोवीस तास. उदाहरणं गुडघ्याची आहेत, पण बायपास, हर्निया, गर्भाशयाची पिशवी काढणं यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते

मन खंबीर असलं की जखम भरते आणि नसलं की चिघळते, असा याचा अर्थ अजिबात नाही. जंतुसंसर्ग, रक्ताची गाठ, अनियंत्रित साखर यांना मन जबाबदार नसतं. एखाद्या पेशंटचं दुखणं लांबलं तर "तूच मनावर घेतलं नाहीस" असं त्याला कधीही म्हणू नका. गुडघा बदललेल्या दर पाच जणांपैकी साधारण एकाला निकालाचं पूर्ण समाधान मिळत नाही, आणि त्याची कारणं अनेक असतात.

पण मन आणि शरीर यांचा संबंध खरा आहे, आणि तो दोन वाटांनी चालतो. एक वाट वागण्याची: भीती वाटली की माणूस हलत नाही, खोल श्वास घेत नाही, गोळी टाळतो, व्यायाम सोडतो. दुसरी शरीराच्या आतली. १९९५ साली अमेरिकेत जेनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर अगदी छोटी, साडेतीन मिलिमीटरची, जखम करून ती किती दिवसांत भरते ते पाहिलं. अशी जबाबदारी नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ताण लांबला की जखम भरण्याचं काम मंदावतं. सेवा करणाऱ्या सुनेनेही हे लक्षात ठेवावं. तुमची झोपही औषधासारखीच महत्त्वाची आहे.

पायरी १: दोन-तीन आठवडे आधी पाच प्रश्न विचारा

हॉवर्ड लेव्हेंथल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या सुमारास एक साधी गोष्ट नीट मांडली. आजारी माणूस आपल्या आजाराचं स्वतःपुरतं एक चित्र तयार करतो आणि त्या चित्राप्रमाणे वागतो. डॉक्टरांच्या फाइलमधलं चित्र त्याहून वेगळं असू शकतं. या चित्राचे साधारण पाच भाग असतात: हे काय आहे, कशामुळे झालं, किती दिवस चालेल, त्याने माझं काय होईल आणि त्यावर काही उपाय आहे का. घरच्या भाषेत ते असे विचारता येतील:

- "आई, ऑपरेशनमध्ये नेमकं काय करणार आहेत असं तुला वाटतं?"
- "हा गुडघा कशाने झिजला असेल?"
- "किती दिवसांत आपण पहिल्यासारखे होऊ असं वाटतं?"
- "नंतर काय करता येणार नाही याची जास्त काळजी वाटते?"
- "लवकर बरं होण्यात आपल्या हातात काय आहे?"

हे प्रश्न कुठे विचारता, त्यावर खूप काही अवलंबून आहे. दवाखान्याच्या बाकावर नको, चार नातेवाइकांसमोर तर नकोच. मटार सोलताना, दुपारच्या चहाला, गाडीतून जाताना विचारा. हाताला काम असलं की तोंड मोकळं होतं. उत्तर मिळालं की लगेच खोडू नका. "अच्छा, असं वाटतंय होय," एवढंच म्हणा आणि थांबा. खरी गोष्ट बहुतेक वेळा दुसऱ्या वाक्यात येते.

उत्तरं काय येतात? "वाटी काढून टाकतात आणि लोखंडी बसवतात." खरं तर मांडीच्या आणि नळीच्या हाडांची टोकं काही मिलिमीटर तासून त्यावर धातूचं आवरण बसवतात, मध्ये प्लास्टिक घालतात. स्वतःची वाटी बहुतेक वेळा जागेवरच असते. हे कळलं की "माझा पाय आता माझा नाही" ही भावना बरीच उतरते. "मी आयुष्यभर धुणी धुतली, त्याचे भोग," असंही उत्तर येतं. तिथे हाडाचं शास्त्र सांगू नका. त्यात दुखावलेपण आहे, ते ऐकून घ्या. "पंधरा दिवसांत चालायला लागेन," हे उत्तर ऐकायला छान वाटतं, पण मला जास्त काळजी त्याचीच वाटते. सोळाव्या दिवशी काठी हातात असली की तो माणूस ऑपरेशन फसलं असं धरून चालतो.

पुरुषांचं थोडं वेगळं. बाबा "भीती वाटते" असं म्हणत नाहीत. ते लॉकरची किल्ली कुठे आहे ते सांगतात, विम्याचे कागद काढून ठेवतात, बारीकसारीक गोष्टींवरून चिडतात. एखादे बाबा तारीख पुढे ढकलायला दर वेळी नवं कारण काढत असतील, तर त्याला भीती समजा आणि शेजारी जाऊन बसा.

पायरी २: समजुती हसण्यावारी नेऊ नका

आपल्याकडे पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्या काही समजुती आणि त्यावर मी काय सांगते ते लिहिते.

"कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं की कंबर जन्मभर दुखते." सुई टोचल्याच्या जागी काही दिवस दुखू शकतं. जन्मभराची कंबरदुखी त्या सुईने होत नाही. बाळंतपणानंतर किंवा या वयात कंबर दुखायची इतर कारणं भरपूर असतात आणि दोष सुईवर जातो. या भीतीपोटी बायका भूलतज्ज्ञाशी नीट बोलतच नाहीत, आणि ते नुकसान खरं आहे.

"भात आणि आंबट खाल्लं की टाक्यांत पू होतो." पू जंतूंमुळे होतो. भात, ताक, वरण चालतं. जखम भरायला प्रथिनं लागतात: डाळी, अंडं, दूध, मासे, जे घरात चालतं ते. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हे खरं पथ्य. पेज-पाण्यावर ठेवलेली माणसं मला तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन वॉकरवर कलताना दिसतात.

"गोळ्या गरम पडतात, सवय लागते." ही सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे. दुखण्याची गोळी टाळली की व्यायाम टळतो, व्यायाम टळला की गुडघा आखडतो. ठरलेल्या मुदतीपुरती, सांगितलेल्या मात्रेत घेतलेल्या गोळीची धास्ती बाळगू नये. मात्र मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, रक्तदाब असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, आणि घरातली जुनी गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

"वाकवलं तर टाके तुटतील." गुडघा वाकवायला आम्ही सांगतो ते जखम कशी शिवली आहे हे माहीत असूनच. टाके किंवा पिना साधारण १० ते १४ दिवसांत काढतात, आणि व्यायाम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो.

समजूत घालवायची माझी रीत अशी. वाद घालायचा नाही. एका कागदावर पेशंटच्याच शब्दांत प्रश्न लिहायचा, "आत लोखंड सरकेल का?" असा, आणि तो कागद पेशंटनेच डॉक्टरांच्या हातात द्यायचा. मुलाने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक पडतो. आणि स्वतः विचारून मिळालेलं उत्तर सगळ्यांत जास्त पटतं.

पायरी ३: "काही होत नाही" म्हणू नका, काय होणार ते सांगा

१९६४ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला आदल्या रात्री भूलतज्ज्ञाने बसून सांगितलं: उद्या कुठे दुखेल, किती दुखेल, किती दिवस दुखेल, ते का दुखतं, स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं. दुसऱ्या गटाला हे सांगितलं नाही. कोण कोणत्या गटात आहे हे सर्जनना ठाऊक नव्हतं. सांगितलेल्या गटाला वेदनाशामक इंजेक्शनं जवळजवळ निम्मी लागली आणि ते सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी गेले. त्यानंतर याच विषयावर शंभराहून अधिक अभ्यास झाले. सगळ्यांचा दर्जा सारखा नाही आणि सगळ्यांचा निष्कर्षही इतका ठळक नाही. पण माझ्या कामात मी हे रोज पाहते. ज्याला आधी माहीत असतं त्याला दुखतं, पण तो घाबरत नाही.

म्हणून आदल्या आठवड्यात पेशंटला पुढचं असं सांगून ठेवा. भुलीतून बाहेर येताना थंडी वाजून अंग थरथरू शकतं. पाय काही तास जड, परका वाटेल. लघवीची नळी असेल. बहुतेक ठिकाणी त्याच किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात, आणि पहिल्यांदा उभं राहताना घेरी येते. आणि हे तर नक्की सांगा: पहिल्या दिवशी भुलीच्या असरामुळे कमी दुखतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री जास्त दुखतं. हे माहीत नसलं तर पेशंट रात्री दोन वाजता समजतो की काहीतरी बिघडलं.

श्वासाचा सराव आधीच करून घ्या. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, पोट फुगू द्यायचं, मग श्वास घेतला त्यापेक्षा हळू सोडायचा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला एलिझाबेथ ब्रॉडबेंट आणि सहकाऱ्यांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी आणि नंतर काही दिवस पेशंटांकडून शरीर-मन सैल सोडण्याचा सराव करून घेतला, तर जखम भरण्याची खूण त्यांच्यात जास्त चांगली दिसली. नामस्मरण करणाऱ्या आजींना मी श्वासासोबत नाम घ्यायला सांगते. त्यांना नवं काही शिकवावं लागत नाही.

पायरी ४: दवाखान्यातले दिवस

दोन गोष्टींवर डोळा ठेवा.

पहिली, उशी. दुखरा गुडघा जरासा वाकलेला ठेवला की बरं वाटतं, म्हणून माया करणारं माणूस हळूच गुडघ्याखाली उशी सरकवतं. ती काढा. तसाच ठेवला तर गुडघा सरळ होईनासा होतो आणि पुढे चाल लंगडी राहते. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी. पेशंट म्हणेल, "तू निर्दयी आहेस." तेव्हा त्याला दुखणं आणि इजा यातला फरक सांगा: व्यायामाने ताण येतो, कळ येते, आणि थांबल्यावर हळूहळू उतरते, ही स्नायूंची कळ, इजा नव्हे. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळीची वेळ जुळते का ते नर्सला विचारा.

दुसरी, वय जास्त असलेल्या पेशंटची रात्र. अचानक असंबद्ध बोलणं, दिवस-रात्र न कळणं, भिंतीवर माणसं दिसणं, सलाइन ओढून काढणं. घरचे घाबरतात, कोणी बाहेरची बाधा म्हणतं, कोणी डोक्यावर परिणाम झाला म्हणतं. याला वैद्यकीय भाषेत डेलिरियम म्हणतात. त्यामागे संसर्ग, क्षारांचा असमतोल, ऑक्सिजन कमी पडणं, औषध, तुंबलेली लघवी असं शरीरातलंच कारण असतं. लगेच नर्सला सांगा. चष्मा आणि कानाचं मशीन परत लावा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, ओळखीचं माणूस शेजारी बसवा, वाद घालू नका.

पायरी ५: घरी आल्यावर

इथे सगळ्यात जास्त काम आहे आणि इथेच मदत सगळ्यात कमी मिळते.

पहिला आठवडा पाहुण्यांचा. प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. "आमच्या मावशीचं केलं, ती अजून अंथरुणात आहे." ही एक गोष्ट माझे पंधरा दिवसांचे कष्ट धुऊन टाकते. दारातच सांगा: गोष्टी बऱ्या झालेल्यांच्या सांगा, नाहीतर गावाकडच्या पावसाच्या सांगा. शक्य असेल तर सहा-आठ महिन्यांपूर्वी गुडघा बदललेल्या, चालत्याफिरत्या माणसाला मुद्दाम चहाला बोलवा. त्यांना पाय वाकवून दाखवू द्या, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधीर वाटतं हेही त्यांच्याच तोंडून कळू द्या. त्याचा फार उपयोग होतो.

मग येतो दुसरा-तिसरा आठवडा. कौतुक ओसरतं, झोप नीट लागत नाही, सूज आणि कोमटपणा तसाच असतो. डोळ्यांत उगाच पाणी येतं. हे होणार हे आधी सांगून ठेवा. सूज काही महिने राहू शकते, रोजची कामं जमायला साधारण तीन महिने लागतात, आणि सुधारणा वर्षभर चालू राहते. एक वही करा. रोज तीन ओळी: किती पावलं, गुडघा किती वाकला, आज नवं काय जमलं. दुखणं किती ते रोज लिहू नका, त्याने लक्ष तिथेच चिकटतं. वाईट दिवशी मागचं पान उघडून दाखवा.

हाती काम द्या. "बसून राहा, मी करते" यात माया आहे, पण त्यातून पेशंटला एकच निरोप जातो: तू आता निकामी. खुर्चीत बसून कोथिंबीर निवडणं, नातवाचा अभ्यास घेणं, हिशेब लिहिणं चौथ्या-पाचव्या दिवसापासून जमतं.

आता देवघराची गोष्ट. आमच्या एका आजींनी तिसऱ्या आठवड्यात व्यायाम पूर्ण सोडला. कारण कोणालाच कळेना. मुलीने पाचातला चौथा प्रश्न विचारला तेव्हा कळलं. जमिनीवर मांडी घालू नका असं त्यांना सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ त्यांनी लावला होता की आता पूजा संपली, पंगतीत बसणं संपलं, मग पाय वाकवून करायचं काय? बहुतेक सर्जन मांडी आणि उकिडवं बसणं टाळायला सांगतात हे खरं आहे. पण ही गोष्ट आपल्याकडे किती मोठी आहे हे आम्ही लोक विसरतो. त्यात माणसाचं आयुष्य बसलेलं असतं. मुलीने देव्हारा उंच ओट्यावर नेला, समोर हाताची खुर्ची ठेवली, आणि पहिल्या दिवशी आजींनीच वात लावली. व्यायाम दुसऱ्या दिवशी सुरू झाला.

म्हणून ऑपरेशनच्या आधीच ठरवा: तीन महिन्यांनी काय करायचं आहे, आणि ते खुर्चीवरून, काठीने, कमोडवर कसं जमेल. जर्मनीत मारबुर्गला हृदयाच्या बायपासच्या १२४ पेशंटांवर असा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनआधी काही भेटी आणि फोन करून एका गटाच्या अपेक्षांवर काम केलं: बरं झाल्यावर काय करणार, अडचण आली तर काय कराल. सहा महिन्यांनी या गटाला रोजच्या जगण्यात कमी अडथळे उरले होते. "बरी हो" हे कोणीही म्हणतं. "मार्गशीर्षात भाचीच्या लग्नाला खुर्चीवर बसून अक्षता टाकायच्या आहेत," याने पाय वाकतो.

पायरी ६: कधी थांबायचं नाही

पोटरी दुखून सुजली, धाप लागली, छातीत दुखलं, थंडी वाजून ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, तर समजूत काढत बसू नका. लगेच डॉक्टर गाठा. धाप आणि छातीतलं दुखणं हे तर थेट इमर्जन्सीचं काम.

मनाचंही तसंच. दोन आठवडे सलग उदास, कशातच रस नाही, जेवण उतरत नाही, "मी ओझं झालोय" असं वारंवार बोलणं, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा, हे ऐकलं की डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. जीव देण्याचं बोलणं आलं तर माणसाला एकटं सोडू नका. आणि खर्चाचं ओझं मनावर असेल, तर पैशाचं बोलणं पेशंटच्या उशाशी करू नका. भिंतीपलीकडचंही सगळं ऐकू जातं.

दुसरा गुडघा बाकी असेल तर पाचही प्रश्न पुन्हा विचारा. पहिल्या वेळच्या आठवणींवर आता नवं चित्र तयार झालेलं असतं. खट्ट आवाजाला घाबरलेल्या त्याच काकू दीड वर्षाने दुसऱ्या पायासाठी आल्या. मी विचारायच्या आतच त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. वर लिहिलं होतं: वाजलं तर घाबरायचं नाही. खाली मोठ्या अक्षरांत: तिसऱ्या रात्रीची गोळी वेळेवर द्यावी.